उद्घाटनाआधीचा खो

आमच्या घरात जगातल्या सर्व गोष्टींची विभागणी दोनच गटांत झालेली होती: ज्यांना स्कोप आहे त्या आणि ज्यांना तो नाही त्या. जीवशास्त्राला स्कोप होता, चित्रकलेला नव्हता. संत्र्याच्या बागेला पूर्वी होता, आता नव्हता. माझ्या एका मावसभावाचा स्कोप तर त्याने बारावीत गणित सोडले त्याच संध्याकाळी, चहा होण्याच्या आत, सर्वानुमते संपुष्टात आला होता. हा स्कोप नेमका कशात मोजतात, त्याचे एकक कोणते, तो कालांतराने घटतो की वाढतो, हे मी अकरावी विज्ञानात असताना बाबांना अनेकदा विचारले. त्यावर बाबांचे उत्तर ठरलेले असे. ‘ज्याले स्कोप असते त्याले इचारा लागत नाही.’ एवढी अभेद्य व्याख्या मला पुढे विद्यापीठातही भेटली नाही.

बाबांचे नागपुरात सीताबर्डीला शालेय गणवेशांचे दुकान होते आणि त्यासाठी लागणारी शिलाई आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर चाले. त्यामुळे माझ्या बालपणाचा मूळ ध्वनी म्हणजे शिलाई मशीनचा. मशीन थांबले की कानांत काहीतरी बिघडल्यासारखे वाटे आणि आम्ही सगळे वर पाहत असू. निळ्या कापडाची बारीक पिंज हवेत कायम तरंगत असायची. ती वरणात उतरे, पुस्तकांत शिरे, आणि सर्दी झालेल्या माणसाला सहज निळे शिंकायला लावी. आई वरच्या मजल्याची अनभिषिक्त राणी होती. रस्त्याने जाणारे मूल पाहून ती त्याच्या चड्डीचे माप सांगे, आणि पाहुण्यांच्या घरी गेल्यावर ‘किती मोठी झाली’ असे न म्हणता ‘आता बत्तीसची लागेल’ असे म्हणे. बाबांचा मात्र खरा अभिमान ट्रॅकसूट होता. गडद निळा, बाजूने पांढरी पट्टी. ते विकताना बाबा खेळाचे महत्त्व इतक्या तन्मयतेने सांगत की गिऱ्हाईक दोन घेऊन जाई. स्वतः बाबा मात्र खेळायचे ते टीव्हीसमोर. सामना कोणताही असो, प्रशिक्षकाला काही कळत नाही हा त्यांचा निष्कर्ष नाणेफेकीपूर्वीच तयार असे.

माझ्यासाठी अर्थातच मेडिकल ठरलेले होते. मला विचारून ठरले नव्हते. ट्रॅकसूटला पट्टी असते तसे मला मेडिकल होते. अडचण एवढीच झाली की त्याच वर्षी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ‘क्रीडाक्षेत्रातील व्यवसाय’ नावाचा एक ऐच्छिक अभ्यासक्रम सुरू झाला. तो चालवायला दिला होता चाफले सरांकडे, म्हणजे आमच्या पी.टी.च्या सरांकडे, ज्यांनी आतापर्यंत वर्गात खडू धरला होता तो फक्त कॅरमवर टाकायची पावडर संपली म्हणून, खरवडायला. पण पहिल्याच तासाला त्यांनी एक प्रश्न विचारला आणि मी सावध होऊन बसले. मैदानावर जे खेळतात ते सोडून खेळावर आणखी कोणाकोणाचे पोट चालते? मुलांनी पंच सांगितला, प्रशिक्षक सांगितला, मग एकाने समोसेवाला सांगितला. सरांनी तिघांनाही फळ्यावर समान आदराने जागा दिली आणि त्यांच्याखाली लिहीत गेले: मैदान आखणारा, गुण लिहिणारा, समालोचक, दुखापती सांभाळणारा, आहार ठरवणारा, सामान विकणारा, वेळापत्रक जुळवणारा, आणि अगदी शेवटी, माझ्याकडे पाहून, ‘खेळाडूच्या शरीराचं विज्ञान जाणणारा’. वर्गात विज्ञान शाखेची मी एकटीच होते. बाकी सगळे हजेरीच्या आशेने आले होते. त्यामुळे माझी नेमणूक गुणवत्तेवर झाली असे मी आजही कोणाला सांगत नाही.

त्या नेमणुकीने माझे जे व्हायचे ते झाले. बेडकाच्या स्नायूचे चित्र वहीत काढणे आणि धावणाऱ्या मुलीच्या मांडीतला तोच स्नायू नेमक्या कोणत्या क्षणी दगा देतो हे शोधणे, यांतले दुसरे काम मला इतके आवडले की मी बाबांना सांगून टाकले: मला डॉक्टर व्हायचे नाही, मला क्रीडाविज्ञान शिकायचे आहे. बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

‘काय असते वं ते?’

मी जमेल तसे समजावले. खेळाडूने किती पळावे, कसे पळावे, केव्हा थांबावे, हे मोजायचे आणि सांगायचे.

‘म्हणजे पळीन दुसरी, दमीन दुसरी, अन् डिग्री तुले?’

‘डॉक्टरचंही तसंच असते बाबा. आजारी दुसराच पडते.’

वरच्या मजल्यावर मशीन थांबले. आई जिन्यावर येऊन उभी राहिली होती. बाबांनी बराच वेळ भात कालवला आणि शेवटी व्यापाऱ्याचा तोडगा काढला. माल पाहिल्याशिवाय नाकारायचा नाही. जानेवारीत आमच्या संस्थेची आंतरशालेय खो-खो स्पर्धा होती आणि तिचे सगळे आयोजन आमच्या वर्गाने करायचे होते. तीच आमची प्रात्यक्षिक परीक्षा. बाबा ती पाहायला येणार. त्यांना पटले तर पुढचे पुढे पाहू. तमाशा वाटला तर स्पर्धेनंतरच्या सोमवारपासूनच मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास, आणि खेळाचे नाव पुन्हा काढायचे नाही. ‘अन् तसंही मले यायचंच आहे,’ बाबा म्हणाले, कारण उद्घाटनाला संस्थेचे उपाध्यक्ष येणार होते, आणि संस्थेच्या सगळ्या शाळांचे गणवेश कोणाकडून घ्यायचे हे उपाध्यक्षच ठरवत. त्यांना हार घालण्याचा मान बाबांनी आधीच मिळवून ठेवला होता.

इथे एका प्रथेविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. आमच्याकडे कोणताही सामना प्रमुख पाहुण्यांनी खेळाडूंची ओळख करून घेतल्याशिवाय सुरू होत नसे. दोन्ही संघ एका ओळीत उभे राहत. पाहुणे येत, प्रत्येकीचा हात हातात घेत, ‘नाव काय बेटा’ विचारत, उत्तर न ऐकता पुढे सरकत. छायाचित्र चांगले यावे म्हणून मुलींनी ट्रॅकसूट उतरवून जर्सीत उभे राहायचे, हाही नियम. पाहुणे उशिरा येतात हे गृहीत असल्यामुळे मुलींनी आधीच ओळीत उभे राहायचे, हा तिसरा. आता नागपूरची ख्याती उन्हाची असली तरी जानेवारीतली इथली सकाळ मैदानावर हाडे मोजून घेते. म्हणजे पद्धत अशी: मुलींनी धावून, ताणून स्नायू गरम करायचे, मग उघड्या पायांनी धुक्यात उभे राहून ते थंड करायचे, आणि मग एकदम जिवाच्या आकांताने पळायचे. स्नायू फाटावा म्हणून प्रयोगशाळेत कोणी प्रयोग मांडला असता तर त्याला यात सुधारणा करायला जागा नव्हती.

हा प्रयोग रूपालीवर एकदा होऊन गेलेला होता. रूपाली उमरेडहून रोज एस.टी.ने येणारी आमच्या संघाची कर्णधार. मागच्या हिवाळ्यात अशाच एका ओळखीनंतर पहिल्याच पळतीत तिच्या मांडीमागचा स्नायू फाटला होता आणि ती पुढचे कित्येक महिने बसमध्ये चढताना पाय हाताने उचलून ठेवत असे. मी माझ्या प्रकल्पासाठी तिचीच निवड केली. तिचे धावणे मोबाइलवर संथ गतीने चित्रित केले, कधी काय दुखते ते विचारले, आणि माझा निष्कर्ष तिला फार गंभीरपणे सांगितला: सामन्याच्या ऐनवेळेपर्यंत ट्रॅकसूट अंगावर, पाय हलते, आणि ओळीत उभे राहणे अजिबात नाही.

‘तू सांगून राहिली ते बरोबर आहे,’ रूपाली म्हणाली, ‘पण हे मले काहून सांगते? मी काय हौसेनं उभी राहतो का? पाहुण्याले सांग ना.’

क्रीडाविज्ञानातला तो मला मिळालेला पहिला धडा आणि कदाचित सर्वांत उपयुक्तही. आज मी एका व्यावसायिक लीगमधल्या संघासोबत काम करते. आमच्याकडे महागडी यंत्रे आहेत, खेळाडूच्या झोपेचाही आलेख निघतो, आणि तरीही सामना सुरू व्हायची वेळ प्रायोजकाच्या भाषणावर ठरते. पाहुणे बदलले, त्यांच्या गळ्यातले हार महाग झाले. थंड पायांनी वाट पाहणाऱ्या मुली त्याच आहेत.

स्पर्धेच्या आधीच्या फेऱ्या आदल्या दिवशीच झाल्या होत्या; उद्घाटन मात्र उपाध्यक्षांच्या सोयीने अंतिम सामन्याच्या सकाळी ठेवले होते. आमच्या वर्गाने मैदानावर आपापले व्यवसाय थाटले होते. मैदान आखणाऱ्यांनी फक्कीच्या पांढऱ्या रेषा इतक्या प्रेमाने मारल्या होत्या की ते कोणाला त्यावरून चालू देत नव्हते. समालोचक आशिष माइकवर धुक्याचे वर्णन करून संपवून आता झाडांकडे वळला होता. माझ्याकडे खेळाडूंची तयारी आणि वेळापत्रक ही कामे होती, म्हणजे दोन्ही संघ तयार असल्याचे मी पंचांना सांगायचे आणि मग त्यांनी शिट्टी वाजवायची. पहिल्या रांगेत पांढरे टॉवेल घातलेले सोफे होते. एका टोकाला बाबा, मांडीवर झेंडूचा हार ठेवून, स्वतःच्या दुकानातला ट्रॅकसूट घालून बसले होते. तो त्यांनी प्रथमच घातला होता आणि घडीच्या रेषा अजून उभ्या होत्या.

सामन्याची वेळ झाली आणि चाफले सरांना फोन आला की उपाध्यक्ष निघाले आहेत. आमच्या गावात ‘निघालो’ म्हणणारा माणूस अंघोळीला निघालेला असतो, हे सर्वांना माहीत होते. तरीही मुलींनी सवयीने ट्रॅकसूट उतरवले आणि त्या ओळीत उभ्या राहिल्या. काही वेळ गेला. सरांनी पुन्हा फोन केला. उपाध्यक्ष अजून निघालेलेच होते. रूपाली एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि दुखऱ्या मांडीवर तळहात घासत होती. पंच घड्याळ पाहत होते, त्यांना नंतर दुसरीकडे जायचे होते. मी सरांजवळ गेले आणि म्हणाले की सर, आता सुरू केले पाहिजे, नाहीतर आजचा सामना खो-खोचा होणार नाही, हाडवैद्याचा होईल.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अभ्यासक्रम त्यांचा, नोकरी संस्थेची, आणि संस्था उपाध्यक्षांची. त्यांनी मैदानाकडे पाहिले, मग मुलींच्या पायांकडे पाहिले, मग आभाळाकडे.

‘मी आता पाहुण्यांच्या स्वागताला गेटवर जातो,’ ते सावकाश म्हणाले. ‘गेटवरून मैदान दिसत नाही.’

आणि ते खरोखरच गेले. शिक्षकाने विद्यार्थ्याला एवढी स्पष्ट परवानगी दिल्याचे मी पुन्हा पाहिलेले नाही. मी मुलींना पुन्हा ट्रॅकसूट घालायला लावले, पुन्हा धावायला लावले, ताणायला लावले, आणि पंचांना जाऊन सांगितले की दोन्ही संघ तयार आहेत. ट्रॅकसूट मुलींनी थेट मैदानात उतरताना काढले. नाणेफेक झाली. शिट्टी झाली.

बाबा हार सावरत माझ्याकडे धावत आले. ‘काहून सुरू केलं वं? साहेब यायचे आहेत ना!’

‘पोरी गारठून राहिल्या, बाबा.’

‘अन् माही ऑर्डर गारठली तं?’

बाबांना काही हे गमतीने म्हणायचे नव्हते. ते सोफ्यावर परत गेले आणि मैदानाकडे जवळजवळ पाठ करून गेटकडे पाहत बसले. सोमवारचा क्लास मला तिथूनच दिसू लागला: बाके, पंखे, पुढच्या बाकावर बसलेली मी. नाणेफेक आम्ही हरलो होतो आणि पहिल्या पाळीत आम्हाला पळायचे होते. रूपाली पहिल्याच तुकडीत उतरली. मला गुण दिसत नव्हते, खेळ दिसत नव्हता. फक्त तिची उजवी मांडी दिसत होती. ती पहिल्यांदा वळली, खांबाला हात लावून सुसाट बाहेर पडली, पुन्हा वळली. काहीही फाटले नाही. पाठलाग करणारी एकेक मुलगी खो घेऊन उठे आणि रूपाली बसलेल्या मुलींच्या मधून सुईतल्या दोऱ्यासारखी आतबाहेर होत राही. प्रेक्षक ओरडू लागले. आशिष झाडांवरून मैदानावर आला.

बाबा केव्हा वळले ते मला कळले नाही. मी पाहिले तेव्हा ते सोफ्याच्या कडेवर आले होते आणि हाराच्या झेंडूच्या पाकळ्या एकेक करून खुडत होते. दुसऱ्या पाळीत ते उभे होते. तिसऱ्या पाळीत त्यांनी विरुद्ध संघाच्या प्रशिक्षकाला काही कळत नाही असे मोठ्याने जाहीर केले, आणि मला अंधुक आशा वाटू लागली, कारण बाबा ज्या खेळाला मनापासून मानत त्याच्याच प्रशिक्षकाला शिव्या देत.

उपाध्यक्ष आले ते शेवटच्या पाळीत. पाठलाग आमचा होता, गुणांत आम्ही किंचित मागे होतो, आणि गेटवर बँड वाजू लागला. चाफले सर त्यांच्या मागून जवळजवळ पळत येत होते, पण उपाध्यक्षांची चाल अनेक वर्षांच्या उद्घाटनांनी घडलेली होती. ती थांबवण्याचे सामर्थ्य सरांत नव्हते. त्यांना मैदानात काय दिसले असेल ते मी आजही नीट समजू शकते. मधोमध जर्सी घातलेल्या मुलींची एक सरळ ओळ. बसलेली होती, उभी नव्हती, एवढाच फरक. आणि तोही त्यांनी आदराचा प्रकार समजून स्वीकारला असावा. ते फक्कीची रेषा ओलांडून आत गेले, पहिल्या चौकोनात बसलेल्या रूपालीसमोर थांबले आणि प्रेमळपणे हात पुढे करून म्हणाले, ‘नाव काय बेटा?’

रूपालीने हाताकडे पाहिले. तिला उठता येत नव्हते, कारण खो मिळाल्याशिवाय उठणे म्हणजे फाउल. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘खो’, आणि रूपाली त्या हाताच्या खालून सुटली. हात तसाच राहिला.

मी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होते. पंचांच्या तोंडात शिट्टी होती पण ती वाजेना. आणि मग मला एक निळा ट्रॅकसूट, पांढरी पट्टी, रेषेच्या कडेने धावताना दिसला. बाबांनी उपाध्यक्षांचा तो अधांतरी हात पकडला. मला वाटले, आता त्यांच्या पायांवर डोके ठेवणार, माफी मागणार, सामना थांबवणार.

‘साहेब, मागं या मागं,’ बाबा म्हणाले. ‘पायात येऊन राहिले तुम्ही पोरींच्या.’

असे म्हणून संस्थेच्या सर्व शाळांच्या गणवेशांचा निर्णय घेणाऱ्या त्या माणसाला त्यांनी हाताला धरून रेषेबाहेर ओढत आणले, सोफ्यावर बसवले आणि स्वतः शेजारी बसले. उपाध्यक्ष काही बोलू पाहत होते. बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना गप्प केले. ‘बोलू नका. शेवटची पाळी आहे. ते लाल जर्सीवाली पाहा. जर्सी आपल्या दुकानची आहे, पोरगी उमरेडची.’

आम्ही एका गुणाने हरलो. विज्ञानाचा विजय वगैरे काही झाला नाही, हे मी माझ्या प्रकल्पातही प्रामाणिकपणे लिहिले. रूपाली मात्र मैदानातून आपल्या दोन पायांवर चालत बाहेर आली आणि मला म्हणाली की पाहुण्याले सांगायचं मी विनोदानं म्हटलं होतं. त्यानंतर नारळ फुटला, दीप लागला, दोन्ही संघांची ओळख झाली, आणि संपलेल्या स्पर्धेचे रीतसर उद्घाटन झाले. उपाध्यक्षांनी भाषणात वेळेवर सुरू होणारे सामने ही या संस्थेची परंपरा आहे असे सांगितले. चाफले सरांनी सर्वांत आधी टाळी वाजवली. बाबांनी घातलेल्या हारात पुढच्या बाजूला बहुतांशी दोराच होता.

परतीला मी बाबांच्या स्कूटरवर मागे बसले. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला त्यांनी मान वळवून विचारले, खांब ओलांडल्याशिवाय पाठलाग करणारीला दिशा का बदलता येत नाही. मी सांगितले. पुढच्या सिग्नलला त्यांनी विचारले, मग रूपालीने वेग आधीच का कमी केला. मी सांगितले की तिच्या मांडीसाठी आम्ही तसे ठरवले होते. ‘हं,’ बाबा म्हणाले. त्या ‘हं’चे मी घरापर्यंत विश्लेषण केले आणि काहीही निष्पन्न झाले नाही.

घरी आईने सांबारवड्या केल्या होत्या. थंडीत सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, जुडीला जुडी लागून येते आणि आमच्या घरात त्या दिवसांत दुसरे काही शिजत नाही. आईने ताट वाढले, मशीनवरच्या माणसांना जिन्यातून हाक मारून जेवायची सुट्टी दिली आणि बाबांसमोर येऊन बसली. पटले की तमाशा, एवढेच तिला हवे होते. क्लासवाल्यांना संध्याकाळी कळवायचे होते.

बाबांनी ताटातल्या वड्या उचलल्या आणि एका ओळीत मांडल्या, एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. दोन टोकांना लिंबाच्या फोडी उभ्या केल्या. तळलेल्या मिरच्या घेतल्या आणि ओळीच्या मधून त्यांना पळवू लागले.

‘अवं, पण मेडिकलचं काय?’ आईने विचारले.

‘थांब ना,’ बाबा मिरची वळवत म्हणाले. ‘आधी शेवटची पाळी तं सांगू दे.’

आईने माझ्याकडे पाहिले, मग ओळीतल्या टोकाच्या वडीकडे पाहिले. ‘ही कोण?’

‘ते उमरेडची. तिले हात नको लावू.’

आईने दुसरी उचलून खाल्ली.